तुम्ही विचारलंत : नवी बॅटरी नेमकी अडते कुठे?

मागच्या अंकात या सदरात लिथियम-आयन बॅटरी कशी चालते ते सांगितलं आणि टपाल दुप्पट झालं. सगळ्यांचा रोख एकच : याहून बरं काही येणार आहे का? नोकरीतला बहुतेक काळ मी सेलच्या चाचणी-प्रयोगशाळेत काढला, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, चालवून घ्या. निवडक पत्रं थोडक्यात देते.

प्रश्न : "पाच मिनिटांत चार्ज होणारी, वीस वर्षं टिकणारी बॅटरी सापडल्याची बातमी दर दोन-चार महिन्यांनी वाचतो. पुढे तिचं होतं काय? मोठ्या कंपन्या असे शोध विकत घेऊन दडपतात, असं आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात छातीठोकपणे सांगितलं जातं. तुम्ही आतल्या गोटातल्या. खरं काय?" (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : दडपण्याजोगं काही सापडलं असतं, तर ते विकायला कंपन्यांची झुंबड उडाली असती. एकीने दडपलं तर दुसरी बाजारात आणेल, इतकी या धंद्यात चुरस आहे. आणि बातम्या बहुधा खोट्याही नसतात. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲल्युमिनियमची बॅटरी दाखवली : मिनिटभरात चार्ज होणारी, हजारो वेळा वापरूनही न थकणारी, भोक पाडलं तरी न पेटणारी. सगळं खरं. फक्त एक आकडा बातमीच्या तळाशी गेला. ती किलोमागे साधारण ४० वॉट-तास वीज साठवत होती. म्हणजे शिशाच्या बॅटरीइतकी, जी गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. फोनमधला आजचा सेल किलोमागे अडीचशेच्या आसपास साठवतो.

बातमी आणि बाजार यांच्यात एवढं अंतर का पडतं, हे प्रयोगशाळेत डोकावलं की कळतं. नवा पदार्थ तयार झाला की पहिला सेल बनतो तो बटणाएवढा, गाडीच्या किल्लीत असतो तसला. तो आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून जुळवायचा. पेटीतली वाफ आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाहूनही कमी, कारण लिथियमची चकती दमट हवेत बघता बघता काळवंडते. तळाची वाटी, त्यात पदार्थाचा लेप दिलेली फॉइल, वर सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा, इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आयन इकडून तिकडे वाहून नेणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब, मग लिथियमची चकती, स्प्रिंग, झाकण. पडदा नेमका झाकण ठेवताना सरकतो आणि त्या हातमोज्यांनी तो परत जागेवर आणणं हा सहनशक्तीचा वेगळाच पेपर असतो. शेवटी दाबयंत्राने कडा वळवायची की झाला सेल.

या सेलचे सगळे लाड पुरवलेले असतात. लेप पातळ, इलेक्ट्रोलाइट मुबलक आणि लिथियम गरजेच्या कितीतरी पट. दर चार्जिंगला थोडं लिथियम वाया गेलं तरी चकतीतून भरपाई होत राहते, त्यामुळे आलेख छान सपाट दिसतो. छापून येतो तो हा आलेख. विकायच्या सेलमध्ये ही चैन नसते. तिथे लेप जाड, इलेक्ट्रोलाइट बेताचं आणि लिथियम अगदी मोजून घातलेलं.

आता हे गणित करून बघा. चार्ज करताना आत गेलेल्या विद्युतभारापैकी ९९.९ टक्के परत मिळाला, तर कुणालाही ते उत्तमच वाटेल. पण हीच तूट हजार वेळा लागली की उरतात ३७ टक्के. चक्रवाढ व्याज उलटं लावल्यासारखं. हजार वेळा चार्ज करूनही ८० टक्क्यांच्या वर राहायचं, तर दर वेळी ९९.९८ टक्के परत यायला हवेत. (हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक तूट कायमची नसते; पण अंदाज येतो.) कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने हा आकडा अतिसूक्ष्म मोजण्यासाठी खास चार्जर बांधले. सेल वर्षानुवर्षं चालवत बसण्याऐवजी त्याचं आयुष्य काही आठवड्यांतच ओळखावं, हा हेतू. बॅटरीच्या बातमीत मी आधी हा आकडा शोधते. बहुतेक वेळा तो नसतोच.

तूट जाते कुठे, तर थकलेला सेल चार्ज अवस्थेत उघडला की डोळ्यांना दिसतं. (अर्थात त्या आर्गॉनच्या पेटीतच. घरी कुणी हा उद्योग करू नये.) विकायच्या सेलमध्ये चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये, म्हणजे थराथरांच्या कार्बनमध्ये, जाऊन बसतं. पूर्ण भरलेलं ग्रॅफाइट चक्क सोनेरी दिसतं. अर्धवट भरलेलं तांबूस किंवा निळसर, रिकामं काळं. नव्या सेलची पट्टी उलगडली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोनेरी झळक. जुन्यात मधेच काळे डाग आणि कडेला राखाडी, भुसभुशीत थर. हे ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच साचलेलं आणि कायमचं निकामी झालेलं लिथियम. शिवाय काही लिथियम इलेक्ट्रोलाइटशी संयोग पावून ग्रॅफाइटवरच्या पातळ कवचात अडकतं. हे कवच पहिल्याच चार्जिंगला तयार होतं आणि ते व्हावंच लागतं, नाहीतर इलेक्ट्रोलाइटची नासाडी थांबणारच नाही. पंचाईत एवढीच, की त्याची वाढ पुरती कधीच बंद होत नाही.

तेव्हा नव्या रसायनापुढे दोनच वाटा : तूट थांबवा, नाहीतर ती भरून काढायची सोय ठेवा. पुढच्या पत्रांनाही बरंचसं उत्तर हेच आहे.

प्रश्न : "सोडियम समुद्रात हवं तेवढं आहे आणि आवर्तसारणीत ते लिथियमच्या लगेच खाली आहे. मग सोडियमची बॅटरी आधीच का नाही आली? ती लिथियमची जागा घेईल का?" (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्न आवडला. १९७० आणि ८०च्या दशकांत दोन्हींवर काम बरोबरीने चाललं होतं. सोडियम मागे पडलं ते ग्रॅफाइटपायी. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत आरामात शिरतात, सहा कार्बन अणूंमागे एक या प्रमाणात. सोडियमचे जवळजवळ शिरतच नाहीत. १९९१ साली सोनीने कार्बनचं ऋणाग्र (चार्ज करताना लिथियम जिथे साठतं ती बाजू) असलेला लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि सगळा पैसा, सगळी माणसं तिकडे वळली. सोडियमला चांगला आसरा २००० साली मिळाला, तो 'हार्ड कार्बन'मध्ये. हा कार्बन अस्ताव्यस्त थरांचा, मधे बारीक पोकळ्या असलेला असतो आणि ग्लुकोज तापवूनही तो बनवता येतो. ते दाखवणाऱ्या दोघांतले एक म्हणजे वर आलेले जेफ डानच.

भूपृष्ठाच्या कवचात सोडियम अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, तर लिथियम दशलक्षात वीसेक भाग. कारखान्यात लागतं ते सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड आहे, २३ विरुद्ध ७. पण यावरून सेलही तिप्पट जड होईल असं समजू नका. सेलच्या एकूण वजनात लिथियमचा वाटा मुळातच किरकोळ असतो. जास्त नडतं ते वेगळंच : सोडियमचा आयन आकाराने मोठा आणि व्होल्टेज सुमारे ०.३ने कमी. २०२१ साली चीनच्या सीएटीएल कंपनीने पहिला सोडियम सेल जाहीर केला, तो किलोमागे १६० वॉट-तासांचा. लिथियम-आयनच्याच दोन प्रकारांशी तुलना केली, तर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलच्या जवळपास, पण निकेलवाल्या सेलहून बराच मागे.

मला स्वतःला या सेलमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती फॉइल. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवतं, म्हणून लिथियम-आयन सेलमध्ये ऋणाग्राच्या बाजूला तांब्याची फॉइल लागते. सोडियम तसं करत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. हलकं, स्वस्त. आणि त्यातून आणखी एक फायदा निघतो. लिथियम-आयन सेल पार शून्यापर्यंत उतरवला तर ते तांबं विरघळू लागतं आणि सेल बाद होतो. सोडियमचा सेल शून्य व्होल्टवर आणून ठेवता येतो, त्याच स्थितीत पाठवताही येतो. ज्याने चार्ज केलेल्या सेलच्या पेट्या पाठवायच्या कागदपत्रांवर सह्या केल्यात, त्याला विचारा हे सुख काय असतं.

खोड्याही आहेत. चार्ज उतरत जातो तसं व्होल्टेज चारच्या आसपासून पार दीडपर्यंत घसरतं, आणि एवढा मोठा टप्पा सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स वेगळं बनवावं लागतं. धनाग्रासाठी, म्हणजे समोरच्या बाजूसाठी, प्रशियन ब्लूच्या कुळातले पदार्थ वापरतात, अठराव्या शतकात बर्लिनमध्ये सापडलेल्या निळ्या रंगाचे भाईबंद. स्वस्त आणि मजबूत. पण स्फटिकात अडकलेलं पाणी काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. आणि पाणी राहिलं की तूट आलीच. तिसरी खोडी बाजाराची. २०२२मध्ये लिथियम कार्बोनेटचे भाव गगनाला भिडले तेव्हा सगळ्यांना सोडियमचा पुळका आला. वर्षभरात भाव कोसळले आणि उत्साहही ओसरला. माझ्या मते थंड प्रदेश, विजेचे मोठे साठे आणि शिशाच्या बॅटरीची जागा, इथे सोडियम नक्की बसेल. फोनात मला ते दिसत नाही.

प्रश्न : "सॉलिड-स्टेट बॅटरीला आग लागूच शकत नाही म्हणतात. खरं का?" (एक वाचक)

उत्तर : नाही. नेहमीच्या सेलमधलं द्रव इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राही असतं, त्या जागी घन पदार्थ आला की एक इंधन कमी होतं, इतकंच खरं. साठवलेली ऊर्जा कुठे जात नाही, आणि ऋणाग्राला लिथियम धातू असेल तर तो १८० अंशांना वितळतो. पॅरिसमध्ये घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटच्या बॅटरीवरच्या बस बरीच वर्षं धावल्या. २०२२च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या दोन पेटल्या आणि तशा १४९ बस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. म्हणजे सॉलिड-स्टेट 'येणार' असं आपण म्हणतो तेव्हा तिचा एक प्रकार येऊनही गेलेला आहे. तो पॉलिमर नीट चालायला गरम ठेवावा लागायचा, हा त्याचा मोठा ताप.

मुळात हा खटाटोप लिथियम धातूसाठी आहे. ग्रॅफाइट दर ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवतं, लिथियम धातू ३८६०. दहापट! १९७०च्या दशकात लिथियम बॅटरीचे आद्य संशोधक स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी सुरुवात केली ती लिथियम धातूपासूनच. पण चार्ज करताना तो धातू सपाट बसत नाही, त्याच्या सुया वाढतात, त्या पडदा भेदून पलीकडे टेकल्या की शॉर्ट. १९८९मध्ये मोली एनर्जी या कॅनडातल्या कंपनीचे असे सेल जपानमधल्या मोबाइल फोनांत पेटले आणि परत घ्यावे लागले. त्यानंतर जग ग्रॅफाइटकडे वळलं. कठीण सिरॅमिक मधे घातलं की सुया अडतील, अशी आता आशा आहे. प्रत्यक्षात त्या सिरॅमिकच्या बारीक भेगांतून वाट काढतात. २०११मध्ये जपानमध्ये र्योजी कान्नो यांच्या गटाने द्रवाइतक्या सहज आयन वाहून नेणारं घन सल्फाइड (गंधकाचं संयुग) शोधलं, ही मोठीच मजल होती. पण दमट हवेत त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. शिवाय घनाला घन नुसतं टेकलेलं असतं. लिथियम निघून गेलं की मधे पोकळी पडते आणि दोघांना चिकटून ठेवायला सतत दाब द्यावा लागतो. टोयोटाने २०२७-२८चा मुहूर्त जाहीर केलाय. बघू.

प्रश्न : "बॅटरी कधी पेट्रोलची बरोबरी करेल का?" (इयत्ता आठवी)

उत्तर : तुझ्या प्रश्नात एक लबाडी लपली आहे, आणि ती पेट्रोलची आहे! एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. पण ते जाळायला साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, तो गाडी रस्त्यावरच्या हवेतून फुकट घेते आणि जळून झालेला माल मागच्या नळीतून हवेत सोडून मोकळी होते. बॅटरीला दोन्ही बाजूंचं सामान बरोबर वागवावं लागतं, कारण चार्जिंगच्या वेळी ते परत लागणार असतं. त्यात एक बरं, की इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोचवतं आणि विजेची मोटर ९० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे पन्नासपट वाटणारा फरक तेरा-चौदा पटीवर येतो.

बॅटरीनेही ऑक्सिजन हवेतूनच घेतला तर? तशी लिथियम-हवा बॅटरी प्रयोगशाळेत आहे. गंमत म्हणजे ती वापरत जाशील तशी जड होते : १४ ग्रॅम लिथियम ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतं. करून बघ गणित. पण साध्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिला सोसत नाहीत आणि तूट इतकी की फार वेळा चार्ज होत नाही. पूर्ण बरोबरी मला दिसत नाही, पण प्रत्येक कामाला ती लागतेच असंही नाही.

प्रश्न : "लोखंड गंजवून वीज साठवतात असं ऐकलं. थट्टा आहे का?" (विद्युत मंडळातून निवृत्त)

उत्तर : थट्टा नाही. वीज देताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं, चार्ज करताना गंजाचं पुन्हा लोखंड होतं. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी सलग १०० तास वीज पुरवेल असा साठा यावर बांधते आहे. दिलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपासच परत मिळते, चार्जिंगच्या वेळी काही वीज हायड्रोजन सोडण्यात जाते. मग हे परवडतं कसं? कारण ही तूट जीवघेणी नाही. हायड्रोजन गेला, पाणी कमी झालं, पाणी घाला. शिशाच्या बॅटरीत आपण तेच करत आलो. एडिसनची १९०१ची निकेल-लोखंड बॅटरीही याच जोरावर चिवट ठरली. वारा दोन-तीन दिवस पडला असताना निम्मी का होईना, वीज हाताशी असणं ग्रिडला हवंच असतं, आणि हे तुम्हाला मी काय सांगणार!

याच पंगतीतली दुसरी म्हणजे व्हॅनेडियमची प्रवाही बॅटरी. दोन टाक्यांत व्हॅनेडियमची द्रावणं, मधे पडदा, पंपांनी ती फिरवायची. १९७०च्या दशकात नासाने लोह आणि क्रोमियम घेऊन असाच प्रयोग केला, पण पडद्यातून दोन धातू एकमेकांत मिसळायचे आणि द्रावण बिघडायचं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलस-कझाकोस यांनी दोन्ही टाक्यांत एकच धातू घेतला, नुसत्या वेगवेगळ्या अवस्थांतला. आता पाझरू दे हवं तेवढं! मिसळलं तर पुन्हा समतोल साधायचा आणि पुढे चालू. तूट थांबवण्याच्या नादी न लागता तिचा डंखच काढून टाकला. या सगळ्या क्षेत्रातली मला सर्वांत आवडलेली कल्पना कुठली विचाराल, तर ही. चीनमध्ये दाल्यान इथे २०२२मध्ये असा ४०० मेगावॉट-तासांचा साठा सुरू झाला. टाक्या मात्र अवाढव्य असतात, गाडीत घालायचा विचारही नको.

प्रश्न : "लिथियम-सल्फरचं पुढे काय झालं?" (एक वाचक)

उत्तर : उडाली! २०१० साली झेफिर हे सौर विमान चौदा दिवस आकाशात राहिलं, रात्री त्याला वीज दिली ती लिथियम-सल्फर सेलनी. वजनाला अत्यंत हलके. पण सल्फरची संयुगं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून पलीकडच्या लिथियमपर्यंत पोचतात आणि सेल लवकर थकतो. पुन्हा तीच तूट.

प्रश्न : "विजेची स्कूटर घ्यायची आहे. नव्या बॅटरीसाठी थांबू का?" (एक वाचक)

उत्तर : थांबू नका. व्हिटिंगहॅम यांच्या १९७०च्या दशकातल्या कामापासून सोनीचा सेल येईपर्यंत पंधराएक वर्षं गेली. मिळाली तर लिथियम आयर्न फॉस्फेटवाली घ्या : थोडी जड, पण जास्त टिकणारी, आणि तापली तरी सहजी न बिथरणारी. पूर्ण चार्ज करून उन्हात तासन्‌तास उभी करणं तेवढं टाळा. कुठलाही लिथियम सेल त्याने लवकर म्हातारा होतो.

प्रश्न : "जुन्या फोनची बॅटरी फुगली आहे. टाचणीने हवा काढली तर चालेल का?" (महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : अजिबात नाही! ती हवा नव्हे, इलेक्ट्रोलाइटची नासाडी होऊन झालेले वायू आहेत, त्यांतले काही पेट घेणारे. फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. टाचणी परत डबीत.